रेघ वाकडी येतेय

प्रयोगशाळेत सकाळपासून रेघ वाकडी येत होती. रेघ म्हणजे वहीवरची नव्हे. साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाही अशी. यंत्राची सुई, टोकाला मोजक्या अणूंइतकी निमुळती, सोन्याच्या पातळ थरावर नक्षी कोरायची आणि सर ती पडद्यावर बघायचे. बायको गेल्यानंतर सर आज पहिल्यांदाच कामावर आले होते. कुणी काही विचारायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं होतं, "घरी बसून काय करू?"

"कुठून तरी हादरे येतायत," सर म्हणाले. "लिफ्ट बंद करा."

लिफ्ट बंद झाली. रेघ गांडुळासारखी वळवळतच आली. मग वरच्या मजल्यावर ग्रंथपाल बाईंना निरोप गेला, पुस्तकांची ढकलगाडी फिरवू नका. बाई बिचाऱ्या पुस्तकं पोटाशी धरून अनवाणी फिरू लागल्या. रेघ वाकडीच. मग पंखे बंद, पाण्याचा पंप बंद. दुपारपर्यंत अख्खी इमारत घामाघूम आणि तहानलेली.

जिने चढून आलेला लिफ्टमन दारात धापा टाकत पुटपुटला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"काय म्हणालात?"

"काही नाही साहेब. अंगण म्हटलं. झाडून घेतो."

शेवटी सरांनी सगळ्यांनाच बाहेर काढलं, इतकी वर्षं बरोबर काम करणाऱ्या मॅडमनासुद्धा. मंडळी श्वास रोखून काचेतून बघत राहिली. सुई टेकली, रेघ निघाली आणि आधीपेक्षा जास्तच थरथरली.

मॅडमनी हळूच दार ढकललं. "सर, रागावू नका. तुमचा पाय."

सरांनी खाली पाहिलं. यंत्राच्या मेजाच्या दांडीवर टेकलेला त्यांचा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत होता. त्यांनी तो खाली घेतला. तो जमिनीवरही हलायला लागला.

"मला नाही असली सवय!" सर घुश्श्यात म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "म्हणजे... लग्नाआधी होती. ही शेजारी बसली की गुडघ्यावर हात ठेवायची. बोलायची नाही काही. जेवताना, टीव्ही बघताना, हात आपला तिथेच. मला वाटायचं, सवय सुटली."

दाराबाहेर कुणीतरी जोरात नाक ओढलं.

सर उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पंखे फिरू लागले, वर ढकलगाडी गडगडली. मॅडमनी सुई टेकवली आणि आतून हाक आली, "सर, सरळ आली!"

सरांनी मान डोलावली. पाय चालूच होता, आणि त्याच्यासोबत बाकही कुरकुरत हलत होता. लिफ्टमन शेजारी येऊन बसला. तोही हलायला लागला.

सरांनी ओशाळून गुडघा दाबून धरला.

"हलू द्या साहेब," लिफ्टमन समोर बघत म्हणाला. "इथं कुणाला रेघ काढायचीये?"