फक्कीची सहा घरं

“ही वस्ती म्हणजे उंदरांनी कुरतडलेली चादर आहे, आणि मी तिला रफू करणार आहे!” इंजिनियर वेणीमाधवने ऑफिसात जाहीर केलं. १९७४चा मार्च संपायला आठवडा उरला होता.

उपमा सोलापूरला शोभणारी होती. गिरणी बंद पडल्यापासून तिच्यामागच्या चाळी एकेक करून ढासळल्या होत्या. दोन चाळी उभ्या, मध्ये भोक. पुन्हा एक चाळ, पुन्हा भोक. त्यातल्या एका भोकात वेणीमाधव सहा घरं बसवणार होता. पुण्याच्या साहेबांनी बुधवारी जागा पाहून सही केली, तर शेजारच्या तडा गेलेल्या चाळीतली सहा बिऱ्हाडं तिथंच राहणार होती. नाही केली, तर जागा ट्रकअड्ड्याला आणि बिऱ्हाडं गावाबाहेर वळसंगच्या रस्त्याला.

साहेब नकाशे उलटे धरतात, अशी ऑफिसात वदंता होती. म्हणून मंगळवारी संध्याकाळी वेणीमाधवने अख्खा नकाशा जमिनीवरच चुन्याच्या फक्कीने आखला. खऱ्या मापाच्या भिंती, दारं, मोऱ्या आणि प्रत्येक घरामागे एक संडास.

“याला कुणी हात लावायचा नाही!” त्याने बजावलं.

हात कुणीच लावला नाही. बुधवारी सकाळी बायकांनी नव्या घरांपुढे झाडू मारला आणि शेणाचा सडा घातला. घर म्हटलं की सडा आला. घर फक्कीचं असलं म्हणून काय झालं?

आठ वाजता वेणीमाधव आला, तेव्हा जागा नव्या पाटीसारखी कोरी होती.

“घरं कुठं गेली?”

“पुसली की,” मल्लव्वा म्हणाली. चाळीत वय आणि आवाज दोन्ही तिचाच मोठा. “आपल्याच दारात सडा टाकायचा न्हाय व्हय?”

“अहो, साहेब दहाला येतायत!”

“मग रडताय कशाला? घरं आमाला पाठ हायत. गोजाबाई, रांगोळी आन गं!”

सहा बायकांनी आपापलं घर काढायला घेतलं. वेणीमाधव कागद हलवत मधून पळत होता.

“गोजाबाई, स्वयंपाकघर आठ फुटांचं आहे!”

“आमच्यात माणसं नऊ हायत!”

“आणि तुमचा संडास?”

“चुलीच्या मागं? शिव शिव! तुमच्या आईच्या चुलीमागं हाय का?”

नव्हता. वेणीमाधवने कागदाची घडी घातली. पाचही शेजारणींना गोजाबाईचं म्हणणं पटलं. घराघरातून हाकललेले सहा संडास शेवटी पूर्वेच्या कोपऱ्यात एकत्र आले.

दहाला साहेब आले आणि थेट चालू लागले.

“भिंतीतनं कुटं येताय, साहेब? दार हिकडं हाय की!” मल्लव्वा ओरडली.

साहेब चपापले, मागे फिरले आणि दारातून आले. समोरचा सडा आणि रांगोळी पाहून त्यांनी बूटही काढले. मोज्यांनिशी सहाही घरं हिंडले.

“अरुंद आहेत,” ते म्हणाले आणि पेन खिशात ठेवलं.

वेणीमाधवच्या डोळ्यांपुढे ट्रक उभे राहिले.

साहेब पूर्वेच्या कोपऱ्यात पोचले. तिथे छान वारा होता. त्यांनी कमरेवर हात ठेवून चौफेर पाहिलं.

“ही खोली मात्र उत्तम! ऐसपैस, हवेशीर. मी स्वतः इथं आनंदाने राहीन. कुणाची ही?”

वेणीमाधव गिरणीच्या धुराड्याकडे पाहू लागला.

“समद्यांची,” मल्लव्वा म्हणाली.

“बैठकीची?”

“बसायचीच म्हना की. संडास हाय त्यो.”

सहाही बायकांनी तोंडाला पदर लावले. साहेबांनी कमरेवरचे हात खाली घेतले.

“साहेब हितं ऱ्हातो म्हणत्यात,” गोजाबाई हळूच म्हणाली, “मग आमाला घरं कशी अरुंद हुतील?”

यावर खात्याचा कोणताही नियम नव्हता. साहेब बाहेर आले, बूट घातले आणि सही केली. खाली लाल शाईत शेरा मारला: ‘घरे मंजूर. संडास निम्मा करून उरलेली जागा घरांस द्यावी.’

दुपारी वेणीमाधवने ऑफिसात फाइल भरली. ‘रचनाकार’ या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. ‘पाहणी अधिकाऱ्यास विशेष पसंत पडलेला भाग’ हा रकाना मात्र त्याने बराच विचार करून कोरा सोडला.