चौदा कलमांचं टेंडर

उंबरवाडीच्या शाळेच्या दोन खोल्या कोणी बांधायच्या, हा प्रश्न खरं म्हणजे पाच मिनिटांत सुटला होता. सरपंच लालासाहेबांनी विचारलं, "गुंडा, कवा सुरू करतूस?" गुंडा गवंडी म्हणाला, "रंगपंचमी झाली की." लोक चहाला उठणार, एवढ्यात नाथाजी सुभेदारांनी घसा खाकरला आणि तिथून सगळं बिघडलं.

नाथाजी पलटणीच्या बांधकाम खात्यात अकरा वर्षं कारकून होते. निवृत्त झाले ते नायब सुभेदार म्हणून, पण 'नायब' हा शब्द गावानं बोलायचे कष्ट वाचवण्यासाठी गाळला आणि तो परत घालावा असा आग्रह नाथाजींनीही कधी धरला नाही. शत्रू त्यांनी लांबूनसुद्धा पाहिला नव्हता. टेंडरं मात्र शेकड्यांनी पाहिली होती. गावी परतून दोन वर्षं झाली, तरी त्या विद्येला कोणी गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. आज ते मिळालं.

"लालासाहेब, काम असं देता येत नाही," ते म्हणाले. "अनुदान जिल्हा परिषदेचं आहे. त्यांना तीन दरपत्रकं लागतात. आणि सिस्टिम म्हणून काही असते की नाही?"

मग त्यांनी सिस्टिम सांगितली. काम द्यायच्या पद्धती तीन. पहिली म्हणजे उघडं टेंडर. जाहिरात लावायची, येईल त्यानं आपला दर लखोट्यात घालून द्यायचा, ज्याचा दर सगळ्यांत कमी त्याला काम. दुसरी निवडक टेंडरची, तीत माहितीतल्या चार-पाच जणांनाच बोलवायचं. तिसरी वाटाघाटीची, म्हणजे एकालाच पुढ्यात बसवून दर ठरवायचा.

"मग तिसरीच ब्येस की," लालासाहेब म्हणाले. "गुंडा पुढ्यातच बसलाय."

"तिसरीतूनच लाचलुचपत शिरते. आपण पहिली धरायची."

"पर उघडं टेंडर म्हणताय, आन् लखोटा बंद कशापायी?"

"तुम्हाला नाही कळायचं ते," नाथाजी म्हणाले.

सगळ्यांनी गुंडाकडं पाहिलं. लाचलुचपत शिरेल एवढी जागा त्याच्या अंगावर कुठं दिसत नव्हती. तो आणि नाथाजी एकाच डोहात पोहायला शिकले होते. नाथाजी पलटणीत असताना त्यांचं घर गुंडानंच बांधलं होतं, ना कागद ना करार. 'घर बांध' एवढंच नाथाजींनी पत्रातून कळवलं होतं. ही गोष्ट नाथाजींना त्या वेळी आठवली नाही. त्यांच्या पत्नीला, अंबूबाईंना, ती जेवण वाढताना आठवली आणि भाकरीगणिक आठवत राहिली.

"आवं, ज्यानं तुमच्या डोस्क्यावर छप्पर घातलं, त्याच्याकडं लखोटा मागताय व्हय?"

"मैत्री वेगळी, सिस्टिम वेगळी," नाथाजी म्हणाले आणि कालवण मागितलं. ते त्यांना स्वतःला उठून घ्यावं लागलं.

चावडीच्या भिंतीवर चौदा कलमांची जाहिरात लागली. लखोट्याला लाख कोणत्या रंगाची, शाई कोणती, दर कोणत्या पानावर आणि सही कोणत्या, दिलेला लखोटा बदलायचा झाल्यास काय, सगळं तीत होतं. पंधरा दिवस लोक ती कौतुकानं वाचत होते, पण लखोटा एकही आला नाही. गावात गुंडा असताना बाहेरचा गवंडी येईल कशाला? आणि कलमांपुढं गुंडालाही काही सुचेना. तिकडं पोरं देवळात बसून पाढे म्हणत होती. कोयनेच्या भूकंपात शाळेची भिंत फाटली, तेव्हापासून शाळा तिथंच भरत होती. आता पावसाळ्याआधी खोल्या उभ्या राहिल्या नाहीत, तर आणखी एक वर्ष देवाला पाढे ऐकावे लागणार होते.

नाथाजींनी मुदत वाढवली आणि सायकल बाहेर काढली. शेजारच्या गावच्या हरिबा गवंड्याच्या दारात जाऊन त्याला टेंडर भरायला सांगितलं. दुसरा बाळासो, तो मूळचा आटपाडीचा, दुष्काळात इकडं आला आणि विहिरी बांधत इथंच राहिला. त्यालाही सांगितलं.

"म्हंजे आता दुसरी पद्धत झाली न्हवं?" लालासाहेबांनी विचारलं.

"पहिलीच," नाथाजी म्हणाले. "फक्त बोलावून."

पहिला आला गुंडा. कोरा फॉर्म त्यानं नाथाजींच्या पुढ्यात ठेवला. "लिव," तो म्हणाला.

"मी कसा लिहू? मी टेंडर उघडणारा माणूस."

"मग कोण लिवणार? सातवं कलम मास्तरालाबी उलगडंना. त्यो म्हणला, ज्यानं लिवलंय त्यालाच इचार."

मास्तरांचं ते बोलणं नाथाजींना बरं वाटलं. गुप्तता पाळण्याची शपथ त्यांनी गुंडासमोर मोठ्यानं घेतली आणि टाक उचलला. "दर?"

"नऊ हजार."

"जरा जास्तच होतात, गुंडा."

"पाया खडकापातूर न्हेणार हाय. परत भुई हलली तर पोरं आत असत्यात." मग त्यानं सहज विचारलं, "तुज्या चौदा कलमांत पाया किती खोल घ्यायचा, ते कुठं हाय रं?"

नाथाजींनी कलमं वरून खाली वाचली, मग खालून वर. लाखेचा रंग सहाव्या कलमात होता. पाया कुठंच नव्हता. त्यांचे कान तापले. शुद्धिपत्रक काढायला हवं होतं, अगदी साधी गोष्ट. पलटणीत त्यांनी चाळीसेक शुद्धिपत्रकं लिहिली होती, पण ती सगळी साहेबांच्या चुकांची. स्वतःची चूक स्वतःच्या हातानं चावडीवर डकवायची म्हणजे जरा अवघडच.

"ते गृहीत धरलंय," ते म्हणाले.

"बरं," गुंडा म्हणाला आणि सही करून गेला.

दुसऱ्या दिवशी हरिबा आला. "सुबेदार, गुंडाच्या गावात मी काम घ्यायचा न्हाई. पर तुमी सायकल हाणत दारात आलासा, तवा तुमचा मान ऱ्हावा म्हणून आलोय. बारा हजार लिवा. म्हंजे काम माज्याकडं येत न्हाई."

"हे खोटं टेंडर झालं, हरिबा. गुन्हा आहे. तुमचा खरा दर काय तो सांगा."

"कशाला खोलात शिरताय?"

"खरा दर," नाथाजी वरच्या पट्टीत म्हणाले.

हरिबानं मुकाट्यानं हिशेब केला. "मुरूम लागला की पाया थांबवायचा म्हणलं, तर आठ हजार चारशे."

नाथाजींनी ते लिहिलं, लाख लावली आणि हरिबा उंबऱ्याबाहेर पडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण गुंडाचं काम काढून घेतलं. हरिबा खरा दर द्यायला तयार नसताना, त्याच्या तोंडात हात घालून तो काढून घेतला. गुंडाचा पाया खोल म्हणून त्याचा दर जास्त, हे सांगायची सोयही राहिली नव्हती, कारण कलमांत पायाच नव्हता. बाळासोनं अकरा हजार सांगितले, पण ते लिहिताना नाथाजींचं लक्ष नव्हतं.

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. उभ्या नोकरीत त्यांनी सरकारी टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी अंबूबाई रानात गेल्यावर त्यांनी दाराला कडी घातली, गुंडाच्या लखोट्याची लाख फोडली आणि दराचं पान नव्यानं लिहिलं: आठ हजार तीनशे. सही दुसऱ्या पानावर होती, तिला हात लावावा लागला नाही. काम गुंडाला मिळेल, वरचे सातशे आपण पेन्शनीतून गुपचूप देऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं. परत लाख लावताना बोट भाजलं. ते बरंच झालं, असं त्यांना वाटलं.

लखोटे उघडायचा दिवस आला. देवळात गाव जमलं. तीन लखोटे चौरंगावर मांडून नाथाजी उभे राहिले, तोच हरिबा घाईघाईनं आत आला.

"सुबेदार, नवव्या कलमात लखोटा बदलायची सवलत हाय म्हणं. ह्यो नवा घ्या, आन् जुना द्या मला."

आपलं कलम कोणी तरी वाचलं, म्हणून नाथाजींना क्षणभर धन्य वाटलं. मग गुंडाच्या लखोट्याकडं लक्ष गेलं. पण कलम ते कलम. त्यांनी लखोटा बदलून घेतला आणि उघडायला सुरुवात केली.

"बाळासो, अकरा हजार."

"हरिबा..." नाथाजी थांबले. "बारा हजार."

हरिबानं गुंडाकडं पाहून मान हलवली. नाथाजींच्या डोळ्यांपुढं देऊळ फिरलं. गुंडाचे नऊ हजार होते तसेच ठेवले असते तरी काम त्यालाच मिळत होतं. आता तिसरा लखोटा उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि कागद जिल्हा परिषदेत जाणार असल्यानं लिहिलेलं सोडून दुसरं वाचायचीही सोय नव्हती.

"गुंडा," ते म्हणाले. "आठ हजार तीनशे."

लोकांनी खाली बघितलं. गुंडानं मान वर केली आणि नाथाजींकडं बघत राहिला. 'मी नऊ सांगितलं होतं' एवढं त्यानं म्हणायचा अवकाश होता, की सुभेदारांची अब्रू तिथंच, पोरांच्या पाटी-दप्तरांत पडली असती. गुंडानं टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि म्हणाला, "बरं."

मग लालासाहेबांनी टाळी वाजवली. "बगा, टेंडरनं गावाचा किती फायदा झाला." लोकांनीही टाळ्या वाजवल्या. नाथाजी खाली बसले. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

सकाळी ते जागेवर गेले. गुंडा चुन्याची फक्की टाकून पायाच्या रेघा आखत होता. नाथाजींनी सगळं सांगितलं, लाख फोडल्यापासून बोट भाजेपर्यंत. गुंडा आखतच राहिला.

"सातशे रुपये मी देतो," नाथाजी म्हणाले. "पेन्शनीतून. कोणाला कळायचं नाही."

"तुज्याकडनं पैसं घीऊ? आन् मग कुणी इचारलं तर कशाचं म्हणून सांगू?"

"मग पाया थोडा कमी..." म्हणता म्हणता नाथाजींची जीभच अडखळली.

गुंडा उठून उभा राहिला. "नाथा, पाया खडकाला लागणार. आता सातशे कुठनं काढायचं, सांग बघू. पोरांच्या पायाखालनं काढू, का माज्या पोटातनं?"

नाथाजींचे डोळे भरून आले.

"एक बिगारी कमी लावतो," गुंडा म्हणाला. "त्याच्या जागी तू ये. उद्या सातला. बूट घालून येऊ नगं."

तेव्हापासून तीन महिने उंबरवाडीनं सुभेदारांना डोक्यावर पाटी घेतलेलं पाहिलं. कोणी विचारलं तर ते म्हणत, "देखरेख करतोय." मुरूम लागला, हरिबाचा पाया जिथं थांबला असता ती पातळी मागं पडली, आणि पुढं दोन हात खणल्यावर खडक लागला. तोवर सुभेदारांच्या हाताला घट्टे पडले होते. गुंडा वरून "मसाला आन रं" म्हणून ओरडला की ते घमेलं घेऊन शिडी चढत. अंबूबाई रोज संध्याकाळी त्यांच्या पाठीला तेल चोळत आणि आश्चर्य म्हणजे एका शब्दानं बोलत नसत. गाव मात्र बोले. "काम दिलं आन् वर देखरेखीला सोता पाटी उचलली, असा मानूस जिल्ह्यात न्हाई," असं लालासाहेब रोज येता-जाता म्हणत. नाथाजींना पाटीपेक्षा ते बोलणं जड जाई.

मृग निघायच्या आत खोल्या उभ्या राहिल्या. उद्घाटनाला शिराळ्याहून साहेब यायचे होते, आणि त्यांच्यासमोर टेंडर पद्धत राबवल्याबद्दल सुभेदारांना फेटा बांधायचं गावानं ठरवलं. साहेबांची जीप अजून आली नव्हती. नव्या खोलीत तबकात फेटा दिसला आणि नाथाजींचा धीर सुटला.

"मला फेटा नको," ते म्हणाले. "मी गुंडाचा लखोटा फोडला. त्याचा दर नऊ हजार होता. आकडा मी बदलला. मी पाटी उचलली ती देखरेख म्हणून नव्हे, माझी चूक फेडायची म्हणून. आता काय म्हणायचं ते म्हणा."

खोलीत कोणी दचकलं नाही. लालासाहेबांनी तबक या हातातून त्या हातात घेतलं.

"आवं सुबेदार, गुंडाचं नऊ हजार हैत, हे लखोटा बंद व्हायच्या आदीच चहाच्या टपरीवर समद्यास्नी ठावं हुतं. त्यानंच सांगितलं. हरिबाबी मागनं तिथंच ऐकून गेला, म्हणून तर त्यानं लखोटा बदलला. तुमी आठ हजार तीनशे वाचलं, तवा समद्या गावानं खाली बघितलं."

नाथाजींनी हळूच विचारलं, "अंबूला...?"

"वैनीस्नी तर फुटकी लाख चुलीपाशी घावली हुती."

"मग तीन महिने कोणी बोललं का नाही?"

"बोलणार हुतो," लालासाहेब म्हणाले. "पर दोन दिसांनी तुमी पाटी उचलाय लागलासा. गुंडा म्हणला, गप ऱ्हावा. ह्याला कळलं की समद्यास्नी ठावं हाय, तर ह्यो तोंड लपवून घरात बसंल, आन् आपला एक बिगारी जाईल."

बाहेर जीप थांबली. साहेब आत आले, भिंतीवर थाप मारून 'वा' म्हणाले आणि सुभेदार कोणते म्हणून विचारलं. गुंडा फेटा घेऊन पुढं झाला. नाथाजींनी मान खाली घातली. फेटा बांधायला सोपं जावं म्हणून त्यांनी ती घातली, असं साहेबांना वाटलं, आणि गावानं त्यांना तसंच वाटू दिलं.