देवरावांच्या गाडीतला नवा टेप

देवरावांनी गाडीतला जुना टेप काढून टाकला, त्या दिवशी त्यांच्या बायको मीराबाई त्यांच्याशी एकच वाक्य बोलल्या.

गाडीसोबत आलेला तो कंपनीचा टेप. त्याला एक गोल खुंटी होती. इकडे फिरवली की आवाज कमी, तिकडे फिरवली की जास्त. त्यावरची भीमगीतं ऐकत ऐकत घरातले सगळे नागभीडहून दीक्षाभूमीला जात, आणि त्यांचा मुलगा नागसेन लहानपणी मागच्या सीटवर झोपून जाई. "चालू वस्तू काऊन फेकून राह्यले?" एवढंच त्यांनी विचारलं.

पण देवरावांचा नाइलाज होता. नागसेनसाठी सिंदेवाहीपलीकडे मुलगी पाहायला जाताना ते धानाच्या बांध्यांमधून भटकत भलत्याच गावी निघाले होते. मुलीकडे पोचले तेव्हा दिवस मावळला होता. दिव्यानी नागसेनच्या मनात भरली, पण तिचे काका प्रणितभाऊ निरोप देताना म्हणाले, "ज्याइले आमचं गाव सापडत नाई, त्याइच्या घरी पोरगी कशी धाडाव?"

आता मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी त्यांनी पुन्हा बोलावलं होतं. झाडीपट्टीत मंडईला घरोघर पाहुणे येतात, रात्री नाटक होतं आणि निम्म्या सोयरिकी त्याच गर्दीत जमतात. हा दिवस हुकला की दिव्यानी हातची गेली. म्हणून देवरावांनी चंद्रपूरला जाऊन गाडीत रस्ता दाखवणारा मोठा पडदा बसवून घेतला. दारांत दणदणीत स्पीकर आले. दुकानदाराने त्यांचा मोबाईलही पडद्याला जोडून दिला. खुंटी मात्र कुठेच नव्हती.

पडद्यातली बाई शुद्ध हिंदीत वळणं सांगत गेली आणि गाडी वेळेत दिव्यानीच्या अंगणात उभी राहिली. जयभीम झाला. प्रणितभाऊ गाडीभोवती एक फेरी मारून आले. देवरावांनी हौसेने काचा खाली केल्या, पडदा चालू ठेवला आणि शेजारच्या बाजेवर बसले.

घरून निघतानाच ठरलं होतं की मीराबाईंनी आत बायकांत बसून मुलगी पारखायची आणि गुपचूप फोन करायचा. देवरावांनी बाहेर फक्त "हं, हं" म्हणायचं, आणि काही झालं तरी जागेवर होकार द्यायचा नाही. मुलाकडच्यांचा मान राहिला पाहिजे.

थोड्या वेळाने फोन वाजला. देवरावांनी तो उचलून कानाला लावला, पण कानात काही आलं नाही. गाडी मात्र बोलू लागली.

"अजी, पोरगी मले लय आवडली," गाडी म्हणाली. "पण तुम्ही तोंड पाडून बसा."

अंगणातली माणसं वळून पाहू लागली.

"नागसेन तं दुसरी पोरगी पाहाले तयारच नाई. पण हे त्या काकाले समजू देऊ नका. मिशा रंगवल्या का कान रंगवला, त्याचं त्यालेच ठाऊक."

प्रणितभाऊंचा हात कानाकडे गेला. देवराव गाडीत घुसले आणि खुंटी शोधू लागले. पडद्यावर बोट फिरवलं तर आवाज आणखी वाढला.

पूर्वी नाटकाची जाहिरात बैलबंडीवर भोंगा बांधून होई. आता जीपगाड्या फिरतात. मागच्या स्वयंपाकघरात एकट्याच बसलेल्या मीराबाईंना वाटलं, तशीच एखादी आली.

"बाहेर नाटकाची गाडी आली वाटते. कोणती बाई आहे कोण जाणे, लय भसाडा आहे तिचा आवाज. थांबा, मी मोठ्यानं बोलतो."

"बंद कर!" देवराव ओरडले.

"मी कशी बंद करू? तुम्हीच सांगा ना त्याइले!"

एव्हाना रस्त्यावरचे लोकही अंगणात शिरले होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने हिरोईनची तारीफ करून आजचं नाटक कोणत्या मंडपात आहे ते विचारलं. दाराआड दिव्यानी ओढणी तोंडात कोंबून हसत होती. नागसेन चपलांकडे पाहत होता.

तेवढ्यात मीराबाई पदर सावरत बाहेर आल्या. गाडी गप्प झाल्यामुळे त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मोबाईल हातातच होता, फोन अजून चालू होता. ठरल्याप्रमाणे चेहरा कोरडा ठेवून त्या प्रणितभाऊंना म्हणाल्या, "पोरगी बरी आहे. घरी जाऊन विचार करतो, मंग निरोप धाडतो."

"पोरगी बरी आहे," गाडीही म्हणाली. "घरी जाऊन विचार करतो..."

मीराबाईंनी वळून गाडीकडे पाहिलं.

प्रणितभाऊंनी दुपट्ट्याने कान खसखसून पुसला. दुपट्टा काळा झाला. त्याकडे पाहत ते सावकाश म्हणाले, "विचार कायले करता, बाई? तुमच्या गाडीनं होकार देऊन टाकला, आम्ही ऐकला. लग्नाच्या दिवशी माह्या मिशा तेवढ्या तुम्ही रंगवून द्या." मग त्या म्हाताऱ्याकडे वळून त्यांनी सांगितलं की हा खेळ आता लग्नाच्या दिवशी नागभीडला आहे, साऱ्यांनी या.

मीराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"अजी," त्या दात आवळून हळूच म्हणाल्या, "जुना टेप कुठी ठेवला?"

गाडीनेही देवरावांना तेच विचारलं, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं.