सूर्यफुलांची सायकल

"माझी सायकल चोरणारा अजून जन्माला यायचाय!" हारमेनने भर सभागृहात छाती पुढे काढून सांगितलं आणि टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की साधा माणूसही दोन वाक्यं जास्त बोलतो. हारमेन तर प्राध्यापक!

हॉलंडच्या उत्तरेकडच्या त्या गावात विद्यापीठातून सायकल जाणं ही काही बातमी नव्हे. वारा सुटतो, कालव्यात बदकं पोहतात आणि सायकली जातात. पण हारमेनच्या लागोपाठ तीन गेल्या, तेव्हा विद्यापीठाने त्यालाच सायकलचोरी प्रतिबंधक समितीचा अध्यक्ष करून टाकलं. ज्याचं दुखणं त्यानेच औषध शोधावं! आणि हारमेनने ते शोधलं.

"सोपं आहे!" तो म्हणाला. "सायकल अशी नटवा की लांबून ओळखू यावी. चोराला नजरेत भरणारी वस्तू नको असते. हे बघा, मी हँडलला प्लास्टिकची सूर्यफुलं बांधलीत. बाजारातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. तिथेच ही जाड पिवळी साखळी मिळते, तीच घ्या. आणि कुणी कुलूप कापताना दिसला तर मान खाली घालून पुढे जाऊ नका. विचारा, 'ही सायकल तुमचीच का?' चोराची बोबडीच वळेल!"

'ही सायकल तुमचीच का?' हा प्रश्न त्याच्या हसऱ्या फोटोसकट विद्यापीठाच्या फाटकावरही झळकलं.

आता खरं सांगायचं तर मिरवलेली ती सायकल त्याची नव्हतीच. सासूबाईंची होती. काळी, उंच, जुन्या वळणाची. सीट फाटली तेव्हा सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने तिच्यावर चामड्याचं ठिगळ शिवलं होतं. सासरे गेले, ठिगळ राहिलं. गुडघे दुखायला लागल्यावर सासूबाईंनी सायकल जावयाला वापरायला दिली, पण मनापासून नाही. प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न सायकलचा, मग लेकीचा, मग जमलं तर जावयाचा.

"लक्षात ठेव," बायको लीस्बेतने त्याला बजावलं होतं. "ही गेली तर आईला तू सांगायचंस. मी तेव्हा घरात नसेन."

"अगं, कशी जाईल? उपाय माझा आहे!"

उपाय इतका चालला की दुकानदाराला सूर्यफुलांची दुसरी खेप मागवावी लागली. बघता बघता सगळ्या काळ्या सायकलींवर पिवळी फुलं डोलायला लागली, चाकांत पिवळ्या साखळ्या आल्या. हारमेन खिडकीतून तो मळा बघायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा. हजार सायकलींनी एकच खूण लावली तर ती खूण कसली, हे त्याच्या ध्यानात येऊ नये? पण नाही आलं.

लीस्बेतच्या वाढदिवशी सासूबाई बसने येणार होत्या. हारमेन दुपारी घाईघाईने ग्रंथालयाच्या मागच्या दाराने बाहेर पडला. सकाळी तो पुढच्या दाराने आत गेला होता, पण डोक्यात सफरचंदाचा केक असला की दारं कोण लक्षात ठेवतो? समोर सूर्यफुलांची सायकल उभी होती. त्याने किल्ली घातली. फिरेना. तेल घातलं, फुंकर मारली, शेवटी चार शिव्याही घातल्या. किल्ली ढिम्म!

"समुद्राचा वारा! गंजलं कुलूप," त्याने निदान केलं आणि इमारतीचा रखवालदार सीत्से याच्याकडून कटर मशीन आणलं.

मशीन घुर्रर्र करून सुरू झालं आणि ठिणग्या उडाल्या. माणसं जमली. पण कशासाठी? मदतीला! एका पोराने सायकल घट्ट धरली. एकाने आपला गॉगल दिला. कायदा शिकवणारे वृद्ध प्राध्यापक डेकर यांनी हारमेनची बॅग सांभाळली. फक्त एका मुलाने चाचरत विचारलं, "सर, सायकल तुमचीच ना?"

"माझी नाही तर काय तुझ्या काकाची?"

"सॉरी सर!" पोरगा ओशाळला आणि साखळी ओढायला पुढे झाला.

साखळी तुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हारमेन शीळ घालत घरी पोचला.

घरात खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे आलेला प्रत्येक जण प्रत्येकाचं अभिनंदन करत होता. "बायकोबद्दल अभिनंदन!" शेजारी म्हणाला. हारमेनला ते अभिनंदन सायकलबद्दलच आहे असं वाटलं. तो सासूबाईंना मोठ्या ऐटीत अंगणात घेऊन गेला.

"बघा आई! एक ओरखडा नाही!"

सासूबाईंनी सीटवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. चष्मा पुसला.

"हारमेन, ही कुणाची सायकल?"

"तुमची!"

"माझ्या सीटवर यांचं ठिगळ आहे. ही तर नवीकोरी आहे. माझी कुठे आहे?"

मागचं दार, पुढचं दार, किल्ली, सगळं एकदम हारमेनच्या डोक्यात शिरलं. लीस्बेत दारात उभी होती. ती आत निघून गेली.

"चल," सासूबाई म्हणाल्या आणि चोरीच्या सायकलच्या कॅरियरवर बसल्यासुद्धा. "जोरात मार पायडल!"

ग्रंथालयाच्या पुढच्या दाराशी घोळका होता. घुर्रर्र! ठिणग्या! मध्ये एक मुलगी वाकून पिवळी साखळी कापत होती. एका पोराने सायकल घट्ट धरली होती, आणि प्राध्यापक डेकर तिची बॅग सांभाळत होते. सीटवर चामड्याचं ठिगळ होतं.

"ए चोरटे! हात काढ!" सासूबाई कॅरियरवरून उतरायच्या आधीच गरजल्या. विद्यापीठाच्या इतिहासात चोराला पहिल्यांदाच कुणी हटकलं असेल.

मुलगी दचकून वळली. फेम्के तिचं नाव. हारमेनच्या भाषणाला पहिल्या रांगेत बसलेली.

"आजी, माझीच आहे! नुसतं कुलूप गंजलंय..." तेवढ्यात तिला हारमेनच्या हातातली सायकल दिसली. "अय्या! ही माझी! सर, तुम्ही?"

सीत्सेने हळूच कटरचा प्लग काढला. "सर, मी दोघांनाही विश्वासानेच दिलं हो," तो म्हणाला.

"तसं पाहिलं तर एक चोरी झाली आहे आणि एक अर्धवट राहिली आहे," डेकर गंभीरपणे म्हणाले. "झालेली समितीच्या अध्यक्षांनी केली आहे."

हारमेनने फेम्केची माफी मागितली, नवी साखळी देण्याचं कबूल केलं, आणि कान लाल करून उभा राहिला. सासूबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या ठिगळावर हात ठेवून उभ्या होत्या. डोळे भरले होते, पण वारा फार आहे म्हणाल्या. मग त्यांनी हारमेनकडून किल्ली घेऊन अर्धी कापलेली साखळी सोडवली, हँडलची सूर्यफुलं उपटून हारमेनच्या हातात दिली आणि सीटवर चढल्या.

"आई, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बघते. तू मागे बस. केक संपेल."

मग काय! पुढे सासूबाई ताठ बसून पायडल मारताहेत आणि मागे कॅरियरवर सहा फुटी अध्यक्ष, मांडीवर सूर्यफुलं घेऊन, पाय जमिनीला लागू नयेत म्हणून उचलून धरलेले. फाटकापाशी नेमका तोच चाचरणारा मुलगा उभा होता. त्याने वर फलकावरच्या फोटोकडे पाहिलं, खाली कॅरियरकडे पाहिलं, आणि या वेळी मात्र धीर करून खणखणीत आवाजात विचारलं,

"आजी, हे तुमचेच का?"

"छे रे!" सासूबाई न थांबता म्हणाल्या. "लेकीचे आहेत. परत द्यायला चाललेय."