हेलसिंकीहून आलेली गटाराची तक्रार

सातपूरच्या आमच्या कॉलनीत प्रफुल्लच्या दारासमोरचं गटार तुंबलं, ही बाब तशी किरकोळ होती. भाऊंच्या मेव्हण्याने त्यावर ग्रॅनाइटची पायरी बांधल्यामुळे ते तुंबलं, म्हणून ती नाजूक झाली. भाऊ म्हणजे आमच्या भागाचे नेते. प्रफुल्लची आई कुसाबाई त्या घाणीत घसरली आणि तिचा हात प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा सगळी कॉलनी भेटायला आली. सगळ्यांचा सल्ला एकच होता, तक्रार कर, पण आमचं नाव मध्ये आणू नकोस.

नेमकं तेव्हाच महापालिकेच्या आमच्या भागातल्या कार्यालयाने ‘निर्भय’ नावाचं ॲप काढलं होतं. त्यावर निनावी तक्रार करता यायची. नाव कुणी विचारत नसे. तक्रारदाराच्या सुरक्षिततेसाठी तो कुठून लिहितोय, तेवढं मात्र ॲप आपोआप टिपून घ्यायचं.

प्रफुल्ल कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, त्यामुळे त्याला यातली मेख कळली. त्याने प्रॉक्सी सर्व्हर लावला. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. आपला मजकूर तो स्वतःच्या पत्त्यावरून पुढे पाठवतो. प्रफुल्लचा मधला माणूस फिनलंडचा निघाला.

“आता मी हेलसिंकीत आहे,” प्रफुल्लने बायकोला सांगितलं.

“मग तिकडून येताना कोथिंबीर आणा,” संध्या म्हणाली.

कार्यालयात तक्रारी पाहणाऱ्या वाल्मीकसाहेबांनी ही तक्रार उघडली आणि परदेशी पत्ता पाहून ते खुर्चीतून अर्धे उठले. नियम स्पष्ट होता: स्थळपाहणी तक्रार जिथून आली तिथेच करावी. साहेब दोन सहकाऱ्यांसह हेलसिंकीला रवाना झाले. गटाराची माहिती असलेलं कुणीतरी हवं, म्हणून पायरीवाले मेव्हणे सपत्नीक सोबत गेले. अहवालात लिहिलं होतं, “सदर ठिकाणी गटार तुंबलेले आढळले नाही. उघडे गटारच आढळले नाही. नागरिक समाधानी वाटले. भाषेअभावी खात्री करता आली नाही.” तक्रार निकाली निघाली.

एवढा दौरा झाल्यावर काहीतरी फलित दाखवणं भाग होतं. म्हणून आमचं गटार ‘फिनलंड पद्धतीचं आदर्श गटार’ म्हणून जाहीर झालं आणि उद्घाटनाला मांडव उभा राहिला. व्यासपीठ म्हणून मेव्हण्यांची पायरी सोयीची पडली. प्रत्येक खुर्चीवर भाऊंचा फोटो छापलेला रुमाल ठेवला होता. ही योजना मात्र खरोखर विचारपूर्वक केलेली होती.

“आपल्या गटाराची काळजी वाहणारा तो परदेशी सद्गृहस्थ कुणाच्या ओळखीचा असेल तर सांगा,” वाल्मीकसाहेब माइकवर म्हणाले. “शाल-श्रीफळ तयार आहे.”

सगळ्यांनी प्रफुल्लकडे पाहिलं. प्रफुल्लने मागे वळून पाहिलं.

तेवढ्यात कुसाबाई प्लास्टरचा हात सावरत उभी राहिली. “फिनलंडचं कुणी नाय साहेब. पडले ती मी. माझं नाव लिवा, कुसाबाई. घर हे समोरचं.”

“आजी, नाव सांगून तुम्ही घोटाळा केलात,” साहेब हळहळले. “आपल्याकडे फक्त निनावी तक्रार घेतात.”

“मंग ह्या लोकांना इचारा. वास येतो का नाय?”

साहेब लोकशाहीवादी. त्यांनी लगेच सभेला विचारलं, “ज्यांना वास येतो त्यांनी हात वर करा.”

व्यासपीठावरून भाऊ सगळ्यांकडे मायेने पाहत होते. आमचे हात रुमाल नाकावर धरण्यात गुंतले होते, प्रफुल्लचेही. म्हातारी एकटीच उभी होती. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तुम्ही माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होतात. तुम्ही हात वर केलात की मीही करणार होतो, म्हणून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान खाली घालून काहीतरी वाचत होतात.