अर्ध्या डोक्याची मीटिंग

वेण्यांच्या दुकानातल्या खुर्चीत बसलेल्या शेरीसच्या डोक्याच्या डाव्या बाजूला बारीक वेण्या झुलत होत्या आणि उजव्या बाजूचे केस फुलून चहूकडे उभे होते, नेमका तेव्हाच प्रेस्टनचा फोन आला. मंगळवारची मीटिंग त्याने आज दुपारवर ओढली होती. त्याला म्हणे बर्फावर घसरायला डोंगरात जायचे होते.

"आज? शनिवारी? अहो, मी केस करायला बसलेय!"

"मग ते उरकून ये की," प्रेस्टन म्हणाला. "आणि जमत नसेल तर राहू दे. तुझ्या भागाला मीच कात्री लावतो. दुकानातला प्रसंग पाच मिनिटांत बसेल."

इंगलवूड या उपनगरातल्या कृष्णवर्णीय मैत्रिणींवरच्या एका मालिकेची शेरीस लेखिका होती. इतकी वर्षे दुसऱ्यांचे संवाद घासूनपुसून दिल्यावर आता कुठे एक अख्खा भाग तिच्या नावावर आला होता, आणि तो सगळाच्या सगळा अशाच वेण्यांच्या दुकानात घडत होता. एकमेकींचे तोंड न बघणाऱ्या दोन मैत्रिणी शेजारशेजारच्या खुर्च्यांत सकाळी येऊन अडकतात आणि दिवे लागायच्या सुमाराला बोलत्या होऊन उठतात, एवढीच गोष्ट. निर्माता प्रेस्टनला ती पटत नव्हती. केसांना अख्खा दिवस लागतोच कसा, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हते. त्याचे स्वतःचे केस कॉफी गार व्हायच्या आत कापून होत.

"टोपी घाल आणि जा," कॅमिल म्हणाली. ही शेरीसची कॉलेजपासूनची मैत्रीण, दवाखान्यात परिचारिका. कुठल्याही संकटावर आधी पट्टी बांधून मोकळी होणारी.

टोपी घालून पाहिली. डावीकडे ती कानापर्यंत उतरली आणि उजवीकडून उडून फण्यांच्या डब्यात पडली.

"तिला सांग, टोपी फेकून दे," दुसऱ्या कोपऱ्यातून डेलफीन म्हणाली. डेलफीन वकील. ती आणि कॅमिल वसंतातल्या त्या लग्नापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. लग्न कॅमिलचे, दुसरे. डेलफीनने ग्लास उंचावून भर मंडपात जाहीर केले होते, "हा आधीच्यापेक्षा उंचीनं तरी बरा आहे." आधीचा पुढच्याच टेबलावर केक खात होता. आज शेरीसने दोघींनाही "तू एकटीच ये गं सोबतीला" असे सांगून बोलावले होते, आणि सकाळपासून दोघी तिच्याच तोंडून एकमेकींशी बोलत होत्या.

"जाऊ दे. अशीच जाते," शेरीस उठली.

"कुठं?" बिन्तामावशीने फणी रोखली. दुकान तिचे. मूळची ती सेनेगलची, आणि तिच्यापुढे आवाज चढवायची इंगलवूडमध्ये कुणाची टाप नव्हती. "अर्धं डोकं माझ्या दारातून बाहेर जाणार नाही. लोक विचारतील, हे कुणी केलं गं? आणि मी उद्या पहाटे डाकारला निघाले. महिनाभर अशीच फिरणार आहेस?"

"मग तुम्हीच चला ना माझ्याबरोबर!" शेरीस वैतागून बोलून गेली.

बिन्तामावशीने स्टूल उचलले.

गाडी कॅमिलने चालवली. मागच्या सीटवर मधोमध शेरीस, एका बाजूने मावशीची बोटे चाललेली, दुसऱ्या बाजूला डेलफीन गंगावनाची पाकिटे मांडीवर घेऊन बसलेली. हमरस्ता तुंबला होता. शेजारच्या गाडीतला माणूस बघत राहिला, तेव्हा मावशीने काच खाली करून त्याला दुकानाचे कार्ड दिले.

"तिला सांग, डावीकडची रांग घे," डेलफीन म्हणाली.

"तिला सांग, चाक माझ्या हातात आहे," कॅमिल म्हणाली.

मीटिंगची खोली सगळी काचेची होती. नोकरी लागल्यापासून शेरीसने या खोलीत स्वतःचा एक केस जागचा हलू दिला नव्हता. मीटिंगच्या दिवशी पहाटे उठून ते ओढून, चेपून, गुळगुळीत करून ती येत असे, आणि वर कुणी "छान दिसतेस" म्हटले की आभारही मानत असे. आज त्या सगळ्या पहाटांचा तिला एकदम संताप आला. ती टेबलाच्या टोकाच्या, म्हणजे प्रेस्टनच्याच खुर्चीत जाऊन बसली. मावशीने टेबलाच्या काचेवर फण्या, चिमटे आणि तेलाची बाटली मांडली.

"हे काय चाललंय?" प्रेस्टन दारातच थबकला.

"अख्खा दिवस कसा लागतो, विचारत होता ना? बघा आता."

"मी मजकुराबद्दल बोलत होतो, शेरीस."

"हाच मजकूर आहे. त्यातलं एक पान गाळून दाखवा. कुठलं गाळाल? मागचं डोकं की कानावरचं?"

प्रेस्टनने घड्याळ बघायला हात वर केला, आणि त्याच उचललेल्या हातात मावशीने गंगावनाचा झुपका ठेवला. "बाळा, हे धर. ओढू नकोस, सोडू नकोस. गुंता झाला तर तूच सोडवायचा."

त्याचा फोन खिशात वाजला, थांबला, पुन्हा वाजला. त्याला डोंगरात न्यायला खाली गाडी उभी होती. पण झुपका सावरता सावरता दोन्ही हात गुंतलेले, आणि मावशीची नजर कडक. बर्फाला निघालेला माणूस झुपका धरून उभा राहिला.

दुपार कलली. काम नसलेल्या दोघी समोरासमोर किती वेळ गप्प बसणार?

"तिला सांग," डेलफीनने घसा साफ केला, "त्या दिवशी तिला स्वतःलाच हसू आलं होतं. मी बघितलं."

"आलंच होतं!" कॅमिल थेट तिच्यावरच उसळली. "म्हणून तर राग आला! सासू माझ्याकडे बघत होती, आणि मी रुमालात तोंड घालून रडल्याचं सोंग करतेय!"

"ते सोंग होतं? अगं, मी रात्रभर झोपले नाही त्या रडण्यानं!"

"मग एक फोन करायचा होतास."

"भीती वाटली," डेलफीन म्हणाली. कोर्टात कुणाला न भिणारी ती बाई खाली मान घालून बसली. कॅमिल उठून तिच्याजवळ गेली, आणि दोघी हसता हसता इतक्या रडल्या, की बाहेरून जाणारे लोक काचेपाशी थांबले. शेरीसलाही भरून आले, पण मान हलवायची परवानगी नव्हती.

बाहेर दिवे लागले तेव्हा प्रेस्टनने हळूच नाक ओढले. "कापत नाही," तो म्हणाला. "एक ओळसुद्धा नाही. पाच मिनिटांत या दोघींचं जमलं नसतं." मग त्याचा चेहरा उजळला. "फक्त एक सुचवू? त्या दुकानात एखादा समजूतदार निर्माता असला तर? तोच दोघींना जवळ आणतो..."

"नाही," चौघी एकदम म्हणाल्या.

"निदान विचार तरी कर, शेरीस."

"केला," शेरीस म्हणाली. मावशीने शेवटची वेणी संपवली होती. आता फक्त वेण्यांची टोके कढत पाण्यात बुडवायची राहिली होती, म्हणजे ती सुटत नाहीत. शेरीसने पाठ टेकली आणि पाय लांब केले. "तुम्ही तेवढं पाणी घेऊन या. चांगलं उकळू द्या."

प्रेस्टन किटली शोधायला गेला.