मेसेज कोनाले येते?

साबणावर फुकट मिळालेला चमचा दुकानात नेऊन परत देणारा माणूस तुम्ही पाहिलाय? तो आमच्या शेजारी राहतो. दुकानदार म्हणाला, "मनोहरभाऊ, स्कीम हाय." भाऊ म्हणाले, "हाव, पन गोम काय हाय?" गोम काही सापडली नाही, म्हणून चमचा दुकानातच राहिला.

सिंदेवाहीत त्यांची धान भरडायची गिरणी आहे. त्या धडधडीत जन्म गेल्यामुळे भाऊंना हळू बोलता येत नाही आणि जास्त तर मुळीच येत नाही. लग्नात कुणी आग्रहानं दुसरी जिलेबी वाढली की हे वाढप्याकडे संशयानं बघतात. एकदा मी चिडून विचारलं, "मी चहा दिला, त्यात कसली गोम?" तर म्हणाले, "तेच पाहून राह्यलो." आता अशा माणसाचं काय करायचं, सांगा.

त्यांची काजल यंदा नागपूरला कॉलेजात गेली. आई तीन वर्षांमागे वारली, घरात बापलेक दोघंच. जाण्याआधी पोरीनं स्वतःच शोधून काढलं, की तिच्या नावावरच्या ठेवीवर तिला क्रेडिट कार्ड मिळतं, आणि तेही जन्मभर फुकट. फुकट म्हटल्यावर झालंच.

"जलमभर फुकट? मंग बँकवाले काय खाऊन राह्यले?"

"बाबा, कॅशबॅक बी भेटते."

"वापसच द्याचे हाय त आधी घेते काऊन?"

"विमानतळावर जेवन भेटते."

"तू कॉलेजात चालली का विमानतळावर?"

काजल रडकुंडीला आली. "काकू, बाबाचा माझ्यावर भरोसाच नाई," म्हणाली. मलाही तसंच वाटलं आणि भाऊंचा चांगलाच राग आला. मी शाळेत शिकवते, त्यामुळे निवाड्याला दोघांनी मलाच बँकेत नेलं.

साहेबांनी एकेका कार्डाचे फायदे सांगितले. भाऊंचा दर वेळी एकच प्रश्न, "मेसेज कोनाले येते?"

"ज्याचं कार्ड, त्याला."

"मंग नोको."

शेवटी साहेब वैतागले. "तुम्ही कार्ड घ्या आणि मुलीला त्यावरचं जोडकार्ड द्या. खर्च तिचा, मेसेज तुम्हाला. पण वर्षाची फी पडेल."

"तेच द्या."

"म्हंजे मी काय घेतलं, कुठी घेतलं, सारं तुमाले कळन," काजलचा आवाज चढला.

"कळू दे ना." भाऊ इतकं हळू बोललेले मी पहिल्यांदाच ऐकलं. "तुही माय होती त थेच मले सांगे, पोट्टी जेवली, पोट्टी झोपली. मले फोनवर बोलाचं सुचत नाई. तू हॅलो म्हनतं, मी ठेव म्हनतो. मंग मले कसं कळन, तू जेवली का नाई?"

मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागले. काजलनं डोळे पुसले आणि साहेबांना म्हणाली, "जोडकार्डच द्या."

तिच्या मैत्रिणी चहापोह्यांचे पैसे फोनवरून देतात. ही मात्र कार्ड घेणारं हॉटेल शोधून तिथंच नाश्ता करते. इकडे भाऊ गिरणी थांबवून कुंपणावरून ओरडतात, "बाई, पोट्टीनं खाल्लं."

परवा दुपार टळली तरी मेसेज नव्हता. भाऊ मोबाईल हातात धरून आमच्या अंगणात आले. "बाई, तुमच्या इथी रेंज हाय का?"

त्यांच्या मोबाईलवर रेंज पूर्ण दिसत होती.

"नाही हो भाऊ, आज साऱ्या गावातच गेलीय," मी म्हटलं आणि आत जाऊन काजलला फोन लावला, "पोरी, आधी काहीतरी खा, आणि कार्ड घास."